काचेवर टकटक

प्रिय ओंकार,

पोचल्याचा मेसेज मिळाला. दोन शब्दांचा. रविवारी जाणार होतास, शुक्रवारीच गेलास, तेव्हा दोन शब्द आले हेही पुष्कळ. या पत्राची पहिली ओळ मी लिहून खोडली आहे. काय होती ते तुला न वाचताही कळेल. फोन असो की दार उघडणं असो, माझं तुझ्याशी पहिलं वाक्य कायम तेच. आता नाही विचारणार. ठरवलंय.

गुरुवारी मला खरंच माहीत नव्हतं. गाडी बंद, तू आत, कानात इअरफोन. वाटलं, गाणी ऐकतोयस. समुपदेशक मॅडमशी व्हिडिओ कॉलवर तुझं सेशन चालू आहे, हे मला कुठे ठाऊक. आई वर ताट वाढून थांबलेली. मी काचेवर टकटक केली आणि हाताने घास तोंडाकडे नेऊन दाखवला. नेमकं तेच! फोन स्टिअरिंगला टेकवलेला होता, त्याच्या कोपऱ्यात पिवळ्या कागदाचा तुकडा चिकटवलेला. मला वाटलं, स्क्रीन फुटलीय. तो तू स्वतःचा चेहरा झाकायला लावला होतास, हे ताईने सांगितलं तेव्हा कळलं. बोलताना स्वतःचं चित्र समोर दिसत राहिलं की सगळं लक्ष गालांकडेच जातं, असं म्हणालास म्हणे तिला.

घरात खोल्या असताना पोराला मन मोकळं करायला गाडीत जाऊन बसावं लागतं, हे मला लागलं. म्हणून आवाज चढला. ही सबब नाही, नुसतं सांगतोय. "पडद्यावरची बाई काय बरं करणार तुला, तिने कधी तुला जेवताना पाहिलंय?" असं मी म्हणालो, आणि तू म्हणालास, "तुम्ही रोज पाहत होतात ना?"

पाहत होतो. ऐकतही होतो. जेवण झालं की तू बाथरूममध्ये, नळ सोडलेला, आणि मी बाहेरून ओरडायचो, पाणी वाया घालवू नकोस. कित्येक महिने. पाण्याचा हिशेब मला बरोबर लागत होता. वजन उतरलेलं दिसत नव्हतं, म्हणून शंकाही आली नाही. आता वाचलं की या दुखण्यात वजन अगदी नेहमीसारखंही असू शकतं, आणि उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरून हृदयाचे ठोके बिघडतात ते वरून कुणाला दिसत नाही. म्हणून एकच सांगतो. स्क्रीनवरून नाडी बघता येत नाही. मॅडमनी डॉक्टरकडे जाऊन रक्त आणि ईसीजी करून घ्यायला सांगितलंय ना? केलंस का? आणि त्यांचं शिक्षण काय, नोंदणी आहे का, हे तू स्वतः तपासलं आहेस ना? शिवाय जागरणं कमी कर, उपाशीपोटी धावायला जाणं बंद कर, आणि... बघ, सुरू झालं. माफ कर. तू काही दहावीत नाहीस.

आणखी एक वाचलं. १९४४-४५ साली अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात, स्वतःहून तयार झालेल्या ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ती माणसं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, आणि पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागली. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. तू रात्री दोन-दोनपर्यंत स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायचास, आणि आम्ही दोघं आतल्या आत खूश, की चला, पोराला भूक लागायला लागली.

अमेयची आई परवा भेटली. तुझी चौकशी केली, बाकी काही बोलली नाही. त्या रात्री तुला हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा मी म्हणालो होतो, दोन घास खा, झोप, सकाळी बरं वाटेल. तू खाल्लेस. माझ्यासमोर खाल्लेस. मी निर्धास्त झोपलो.

सात सेशन झाली तरी त्या रात्रीचा विषय निघाला नाही, हे मला पटत नव्हतं. ताईने समजावलं. उपाशी मेंदूला त्या आठवणी पेलत नाहीत, म्हणून आधी दर तीन-चार तासांनी ठरलेलं खाणं, खाल्ल्या खाल्ल्या वहीत नोंद, मग हळूहळू ते. तुझा पत्ता आणि माझा नंबर त्यांनी पहिल्याच दिवशी मागून घेतला, यावरही मी संशय घेतला होता. बोलता बोलता तू कोसळलास तर इतक्या लांबून त्यांनी कुणाला धाडायचं? हे सुचायला मला आठवडा लागला.

बुधवारी चार वाजता तुझ्या फोनचा गजर झाला. तू उठून स्वयंपाकघरात गेलास, तिथेच बसून खाल्लंस, वहीत काहीतरी लिहिलंस. मी पेपरातली एकच ओळ वाचत बसलो होतो. नंतर अर्धा तास नळ वाजला नाही. मी मोजत होतो, ती सवय जायची नाही. पण सायकल शिकलास त्या दिवशीही मी इतका खूश नव्हतो. तेव्हा तुला पडताना बघायला मागून पळत होतो, आता कुठून पळू तेच कळत नाही.

मागच्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतलीय. सेशनच्या वेळी बाहेर रेडिओ लावून ठेवीन, म्हणजे तुझं बोलणं आमच्या कानावर पडणार नाही. गाडीतच बरं वाटत असेल तर किल्ली नेहमीच्या खिळ्याला आहे. मी खाली येणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. रक्ताचा रिपोर्ट आला की आईआधी मला कळव. बाकी काही लिहू नकोस, फक्त पोटॅशियमचा आकडा.