'ओळखा बघू मी कोण?' विचारू नका

महोदय,

गणपती तोंडावर आले. मुंबईकरांच्या गाड्या भरभरून येतील आणि आमच्या पडवीत दरवर्षीचा खेळ सुरू होईल : 'अण्णा, ओळखा बघू मी कोण?' त्या खेळाबद्दलच हे पत्र. मजकूर माझा, अक्षर नातीचं.

मी एसटीत कंडक्टर होतो. निम्मी नोकरी गुहागर-चिपळूण मार्गावर गेली. शृंगारतळीला पंधरा माणसं एकदम चढली तरी एकदा नजर फिरवली की कुणाचं तिकीट राहिलंय ते कळायचं. आज वय 76. समोर बसलेल्या सख्ख्या भावाचा सदरा दिसतो, खांद्यावरचा पंचा दिसतो, मानेच्या वर मात्र ओल्या फडक्याने पुसलेली पाटी.

डॉक्टर याला मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात, आमच्याकडे 'पडदा गेला' म्हणतात. डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यावरचा एवढासा भाग वयोमानाने खराब होतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचं तोंड ओळखणं, सगळं त्याच्याच जिवावर चालतं. कडेची नजर शाबूत राहते, आणि पंचाईत होते ती तिथेच. पडवीच्या कोपऱ्यातून कोंबडी आत शिरली तर मी बसल्या जागेवरून तिला हाकलतो, पण दारात कोण उभं आहे ते सांगता येत नाही. मग लोक म्हणतात, 'कोंबडी बरी दिसते म्हाताऱ्याला!' बाजारात कुणी हसून मान हलवली आणि मी तसाच पुढे गेलो की संध्याकाळपर्यंत घरी निरोप येतो, अण्णांचं काही बिनसलंय का? समोरच्याच्या कानावर नजर ठेवली तर त्याचं नाक-डोळे कडेने थोडे सापडतात, म्हणून मी तसं बघतो. त्याचंही 'तिरकं बघतात' झालं.

सुरुवात झाली ती पडवीच्या वाशापासून. तो मधेच वाकलेला दिसायला लागला. वाळवी लागली असणार म्हणून मी सुतार बोलावला. त्याने वर चढून ठोकून बघितलं आणि म्हणाला, 'अण्णा, वासा सरळ आहे.' तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. मी मात्र मोतीबिंदू असेल, पिकला की काढू म्हणत वर्ष घालवलं. डाव्या डोळ्यात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढून पाझरत होत्या. त्यावर डोळ्यात इंजेक्शनं देतात आणि वेळेत दिली तर बऱ्याच जणांची नजर टिकते. माझी वेळ गेली होती. उजव्याचा प्रकार सुका, तो सावकाश चाललाय. (बिडीचाही यात हात असतो म्हणे. चाळीस वर्षं ओढून झाल्यावर हे कळलं.)

म्हणून पन्नाशी उलटलेल्यांनी नातवंडांची गणिताची चौकटीची वही घ्यावी, पानाच्या मध्यावर एक टिंब काढावं, वाचायचा चष्मा लावावा आणि एकेक डोळा झाकून त्या टिंबाकडे बघावं. रेघा वाकड्या, तुटक दिसल्या तर सुतार न बोलावता पडद्याच्या डॉक्टरांकडे जावं. दवाखान्यात ॲम्सलर नावाच्या स्विस डॉक्टरांचा असाच चौकटींचा कागद दाखवतात. गावोगावच्या मोतीबिंदूच्या शिबिरांत तो प्रत्येकाच्या हातात द्यायला काय हरकत आहे?

आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना एवढंच सांगणं, की आल्या आल्या आपलं नाव सांगा. ओरडून नको, कान ठणठणीत आहेत. पडवीच्या दारात उभं राहून बोलू नका, खळ्यातला उजेड पाठीमागून आला की तुमची नुसती काळी सावली होते. एरवी मी आवाजावरून, चपलांच्या फरफटीवरून माणूस ओळखतो, पण आरतीला झांजांच्या गजरात तेही जमत नाही. शेजारची वैनी पायरीवरूनच सांगते, 'अण्णा, मी हो, ताक आणलंय.' मला ओशाळावं लागत नाही आणि ताकही मिळतं.

गेल्या वर्षी आरतीनंतर एक उंच तरुण पाया पडून समोर नुसता हसत उभा राहिला. मी त्याच्या हातावर मोदक ठेवला आणि विचारलं, 'कुठल्या गावचे आपण?' तो माझा सख्खा पुतण्या होता. तेव्हापासून त्याचा फोन नाही. हे पत्र छापलंत तर कात्रण त्याला पाठवणार आहे.

— एक निवृत्त एसटी वाहक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी