बातमीत ‘उंदरांवर’ हा शब्द हवाच

महोदय,

पंचवटीत तीस वर्षे मेडिकल दुकान चालवले. आता गल्ला मुलाकडे आहे, मी फक्त सकाळी बसतो. गेल्या आठवड्यात ओळखीचे एक गृहस्थ आले आणि डॉक्सीसायक्लिनच्या दोन स्ट्रिपा मागू लागले. पत्नीला कंपवात. अँटिबायोटिकने मेंदूचे आजार हटतात, अशा बातमीचे कात्रण कुणीतरी त्यांना मोबाइलवर पाठवलेले. चिठ्ठी नव्हती म्हणून नाही म्हटले, तर रागावून गेले. बहुधा पलीकडच्या दुकानात.

त्यांना तरी काय बोलणार? कल्पना अगदीच हवेतली नाही. डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन ही औषधे मेंदूपर्यंत पोहोचतात आणि तिथला दाह कमी करतात, हे उंदरांवर दिसले आहे. फ्लूसाठीचे अमँटाडिन कंपवातावर चालते, हे तर १९६९ पासून माहीत आहे (अर्थात ते विषाणूंवरचे औषध, अँटिबायोटिक नव्हे). जुन्या औषधाचे दुष्परिणाम ठाऊक असतात, किंमतही कमी, त्यामुळे संशोधकांना मोह पडणारच.

पण माणसांवर तपासले तेव्हा काय झाले? स्नायू निकामी करणाऱ्या एएलएस आजाराच्या ४१२ रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली. तिचा निकाल २००७ साली आला : मिनोसायक्लिन घेणाऱ्यांची प्रकृती औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा २५ टक्के अधिक वेगाने खालावली. म्हणजे गुण राहिला बाजूला, अपायच. ब्रिटनमध्ये सौम्य अल्झायमरच्या ५५४ रुग्णांना हेच औषध देऊन दोन वर्षे पाहिले. २०२० च्या निकालात फायदा शून्य. एएलएसवर सेफ्ट्रायक्सोन हे दुसरे अँटिबायोटिकही अखेर फसले. हे निकाल मराठी वृत्तपत्रात आल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

अल्झायमरवर रिफॅम्पिसिनही आजमावून झाले, तेही निष्फळ. लघवी लाल करणारी ही टीबीची गोळी. उद्या तिचीही अशी बातमी झाली आणि लोक ती मनाने घेऊ लागले, तर टीबीच्या जंतूंना ती पचायला वेळ लागणार नाही. स्ट्रिपवरची लाल रेघ (चिठ्ठीशिवाय घेऊ नये, ही खूण) कोण पाहतो, हे गल्ल्यावर बसलेल्याला विचारा.

संशोधन जरूर व्हावे, त्याच्या बातम्याही याव्यात. फक्त प्रयोग उंदरांवरचा असेल तर ते मथळ्यातच छापा, सातव्या परिच्छेदात नको. आणि पुढे तेच औषध माणसांवर फसले, तर तितक्याच जागेत तेही येऊ द्या.

– एक निवृत्त औषधविक्रेता, पंचवटी, नाशिक