लाकूड वयानं नाही, ओलीनं कुजतं

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यात पेठेतल्या वाड्यांना महापालिकेच्या धोकादायक इमारतीच्या नोटिसा लागायला लागल्या की दरवर्षी वाचायला मिळतं, लाकूड जुनं झालंय, आयुष्य संपलंय. हे वाचून राहवत नाही म्हणून लिहितोय. कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर मान वर करून बघा, छताला ज्या लाकडी फासळ्या आहेत त्या जवळजवळ 2000 वर्षांच्या आहेत, सागवानी आहेत आणि अजून जागेवर आहेत, कारण तिथे त्यांच्यावर पाणी पडत नाही एवढंच.

लाकूड कुजवते ती बुरशी आणि तिला ओल लागते. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढूच शकत नाही.

आमचा वाडा कसब्यात. दोन वर्षांमागे माडीची जमीन एका कोपऱ्यात दबायला लागली. कॉन्ट्रॅक्टर आला, वरवर बघितलं आणि म्हणाला सगळं लाकूड गेलंय, पाडून टाका. मग ओळखीतल्या एका म्हाताऱ्या सुतारमामांना बोलावलं, त्यांनी प्रत्येक तुळईला स्क्रूड्रायव्हर टोचून आणि हातोडीनं ठोकून बघितलं, बद्द आवाज आला ती जागा खडूनं खुणावली. खराब निघालं फक्त एका तुळईचं भिंतीत गेलेलं टोक, दीड फूट. रंगानं तपकिरी, चौकोनी तडे गेलेले, बोटांनी चुरलं तर भुगा! बाहेरची पन्हळ फुटली होती आणि चुन्याचा गिलावा काढून आम्हीच हौसेनं सिमेंट मारलेलं, त्यामुळे आत मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती. चुना ओल सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं.

अजून एक चूक खूप घरात दिसते. खांबाखाली दगडी तळखडा असतो तो लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर राहावं म्हणून, आणि आपण फरशीवर फरशी टाकत तळखडाच गाडून टाकतो. मग खांबाचा पाय सडतो आणि दोष वाळवीला. वाळवी असेल तर मातीच्या नळ्या दिसतात, तिचा उपाय जमिनीत औषध घालून करायचा. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर तो भुंगेरा. दोन्ही नसून लाकूड मऊ लागतंय तर बुरशी, तिथे नुसतं पेस्ट कंट्रोल करून उपयोग नाही, आधी पाणी बंद करा.

आम्ही पन्हळ बदलली, सिमेंट खरवडलं, तुळईला खालून टेकू देऊन भिंत वाळू दिली, मग कुजकं टोक चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून तिथे जुन्याच सागाचा तुकडा सांधा करून बोल्टनं जोडला आणि बोरिक ॲसिड-बोरॅक्सचं पाणी दोन हात मारलं (हे फक्त आतल्या लाकडाला, पावसात धुऊन जातं). भिंतीतल्या टोकाभोवती हवा खेळायला थोडी फट ठेवली. दोन पावसाळे गेले, जमीन दबलेली नाही.

सगळेच वाडे वाचतील असं मी म्हणत नाही, काही खरंच धोक्याचे आहेत आणि तिथल्या माणसांनी आधी बाहेर पडलंच पाहिजे. पण नोटीस लावण्याआधी महापालिकेनं लाकूड कळणारा माणूस पाठवून तुळयांची टोकं आणि खांबांचे पाय टोचून बघावेत, आणि कुठलं लाकूड गेलंय, पाणी कुठून येतंय हे नोटिशीत लिहून द्यावं, एवढी मागणी तुमच्या पेपरातून पोचवा.

- एक वाचक, कसबा पेठ, पुणे