ह्रस्व-दीर्घासाठी पत्र टोपलीत नको

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका असतील ते छापूच नये, अशी सूचना आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेल्या आठवड्यात एका वाचकाने केली आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आता तरी कडक व्हा, असे त्यांचे म्हणणे. त्यांची तळमळ खोटी नाही. पण माझा जन्म प्रुफे तपासण्यात गेला. ही चाळणी लावली तर कोणती पत्रे खाली पडतील आणि कोणती वर राहतील, याचा मला चांगला अंदाज आहे. वर राहतील ती बहुतेक माझ्यासारख्या पेन्शनरांची, आणि त्यांत वाचण्यासारखे किती असते ते आपण जाणताच.

ज्याला आपण शुद्ध म्हणतो ते काही ज्ञानेश्वरांपासून चालत आलेले नाही. साहित्य महामंडळाने केलेले 14 नियम सरकारने 1962 साली मान्य केले, 1972 साली त्यांत आणखी 4 जोडले गेले. त्याआधी 'नांव', 'पांच', एकवचनातला 'घरांत' यांवर टिंब न देणारा मुलगा छडी खायचा, त्यानंतर देणारा खाऊ लागला. 'कवि' आणि 'बुद्धि' बरोबर होते ते चूक ठरले, 'कविराज' आणि 'बुद्धिमान' यांत मात्र ह्रस्वच राहिले. 'मंदिर' ह्रस्व आणि 'उंदीर' दीर्घ, कारण पहिला शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आणि दुसरा मराठीत मुरला. बोलताना दोन्हीकडचा इकार सारखाच ऐकू येतो. म्हणजे वेलांटी पहिली की दुसरी हे ठरवायला शब्दाचे कूळ ठाऊक हवे. ज्याच्या घरी संस्कृत कधी आलेच नाही, त्याने ते कुठून आणायचे? पाठांतरातून. आम्ही मुद्रितशोधकांनीही पाठांतरच केले. फरक इतकाच की आम्हाला त्याचा पगार मिळायचा.

हे नियम मोडीत काढा असे मी म्हणत नाही. छापील मराठी एकसारखी दिसावी, कोशात शब्द सापडावा, मुलांना एकच रूप शिकवता यावे, यासाठी नियम हवेतच. 1 मेच्या कार्यक्रमाला 'महाराष्ट्र दीन' असा फलक लागला तर तो पाहून हसू येते आणि नंतर वाईटही वाटते. पण नियम पाळण्याची जबाबदारी कुणाची, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते ती छापणाऱ्याची आहे. पत्र लिहिणाऱ्याची जबाबदारी वेगळी: आपल्याला काय म्हणायचे आहे ते वाचणाऱ्याला एका वाचनात कळले पाहिजे.

या दोन गोष्टींची आपण नेहमी गल्लत करतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, शब्द तोडून लिहीत नसत, पूर्णविराम नव्हता. विरामचिन्हे आपल्याकडे इंग्रजी अमलात, मेजर कँडी या इंग्रज भाषांतरकाराच्या वेळी रुळू लागली. तरीही त्या कागदांवर फौजा हलल्या आणि सारा वसूल झाला, कारण मायना ठरलेला, मजकुराचा क्रम ठरलेला, कुणी कुणाला काय करायला सांगितले ते स्पष्ट. (सलग ओळ वाचताना डोळ्यांचे काय होते ते मोडी शिकणाऱ्यांना विचारा, पूर्णविराम आणि परिच्छेद यांच्याबाबतीत मी जराही सवलत देणार नाही.)

उलट बाजूचा नमुना रोज आपल्या हातात पडतो. 'उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, सदर प्रकरणी यथोचित कार्यवाही करण्याबाबत संबंधितांस निर्देशित करण्यात आलेले आहे.' काढा यात चूक. वेलांट्या, उकार, अनुस्वार, सगळे जागच्या जागी. पण कोण काय करणार आहे आणि कधी, याचा पत्ता नाही. 'करण्यात येते' या प्रयोगाची खुबीच ही की कर्ता गायब होतो. रस्ता खोदण्यात येतो, नळ बंद ठेवण्यात येतो, अर्ज फेटाळण्यात येतो, आणि हे करणारा माणूस व्याकरणाच्या आड सुखरूप राहतो. सक्तीच करायची तर इथून करावी. ज्याच्या सहीने लोकांची कामे अडतात त्याला सोपे लिहिण्याची सक्ती हवी. ज्याचे काम अडले आहे त्याला शुद्ध लिहिण्याची नको.

मी जिथे काम करत होतो तिथे एकदा रावेरकडच्या एका शेतकऱ्याचे पत्र आले. वहीचा फाडलेला कागद, 'विमा' दीर्घ, 'पीक' ह्रस्व, 'शेतकरी' एका ओळीत तीन तऱ्हांनी. उपसंपादकाने ते बाजूला टाकले होते. पण त्यात काय होते? केळीचा फळपीक विमा हवामानावर ठरतो आणि हवामान मोजले जाते महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या गटातल्या, एका केंद्रावर. आपले शेत त्या केंद्रापासून किती लांब, कोणत्या तारखांना आपल्या बागेत थंडीने पाने करपली, केंद्राच्या नोंदीत त्याच दिवशी किती अंश लागले, हे सगळे त्याने क्रमाने लिहिले होते. शेवटी एकच प्रश्न: माझ्या बागेची थंडी कोण मोजणार? वेलांट्या दुरुस्त करायला मला चहा संपेपर्यंतचा वेळ लागला. त्याच टपालात एका निवृत्त प्राध्यापकांचे पत्र होते. निर्दोष मराठी, संस्कृत सुभाषिताने सुरुवात, भ्रष्टाचार, तरुण पिढी आणि मोबाईल असे सगळे विषय, आणि अखेरपर्यंत मुद्दा नाही. ते छापून आले.

चुकांकडे बोट दाखवून मुद्दा टाळण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत जोतीराव फुल्यांची जी खिल्ली उडवली तिच्यात फुल्यांच्या मराठीला आणि व्याकरणाला बरीच जागा मिळाली. चिपळूणकरांचे गद्य मला स्वतःला फार आवडते, ते वाचूनच मी वाक्य तोलायला शिकलो. पण त्या वादात त्यांनी पट्टी घेऊन समोरच्याचा हात बघितला, तो काय दाखवतो आहे ते बघितले नाही, असेच मला वाटते. पुढे 1885 साली पुण्यात भरायच्या ग्रंथकार सभेचे बोलावणे फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. ते पत्र 'ज्ञानोदय'ने छापले. त्या सभेत कोण काय बोलले हे आज किती जणांना आठवते? पत्र मात्र अजून वाचले जाते.

'न' आणि 'ण'चेही तेच. खानदेशात, वऱ्हाडात, मराठवाड्यात कितीतरी घरांत 'पाणी' हे 'पानी'च असते. ते तसे लिहिले की पुण्या-मुंबईकडे हसतात, आणि त्या हसण्यात भाषेच्या प्रेमाइतकाच जातीचाही वास असतो. माझा शिरस्ता सरळ होता. लेखकाचे निवेदन असेल तर प्रमाण रूप करायचे, कुणाच्या तोंडचे बोलणे असेल तर हात लावायचा नाही. बातमीत शेतकऱ्याच्या तोंडी 'पर्जन्यमान अपुरे राहिल्याने दुबार पेरणी अनिवार्य ठरली' असे वाक्य घालणारे उपसंपादक मी पाहिले आहेत. असे बोलणारा शेतकरी अजून जन्मायचा आहे.

मग पत्रलेखकाकडून काहीच मागायचे नाही का? भरपूर मागावे. पत्र एका विषयावर असावे. कोण, कुठे, केव्हा हे पहिल्या दोन-तीन वाक्यांत यावे. सर्वनामांवर नजर ठेवावी: 'त्याने भावाला त्याच्या शेतात मारले' या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही, पण शेत कुणाचे ते कळत नाही, आणि आमच्या जिल्ह्यात शेत कुणाचे यावरूनच मारामाऱ्या होतात. 'आपल्या शेतात' म्हटले की निम्मा गुंता सुटतो. याला मी व्याकरण म्हणतो, आणि याबाबतीत संपादकाने जरूर हट्ट धरावा. पत्र समजत नसेल तर एक ओळ टाकून परत पाठवावे: काय म्हणायचे आहे ते पुन्हा लिहा. त्यात अपमान नाही. हल्ली बरीच पत्रे फोनवर बोलून टंकलेली येतात, त्यांत विरामचिन्हे नसतात आणि फोनने ऐकले तसे शब्द पडतात. लिहिणाऱ्याने एकदा मोठ्याने वाचून पाहिले तरी त्यातला निम्मा केर निघून जाईल.

आणि एक गाऱ्हाणे आपल्याकडेही मांडतो, रागावू नये. वाचकांच्या वेलांट्या मोजण्याआधी पहिल्या पानाचे मथळे पाहावेत. 'अभिनेत्रीने केला मोठा खुलासा', 'पोलिसांनी केली वृद्धेची मदत'. मराठीत वृद्धेला मदत करतात, आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी निमूट बसते. यांत ह्रस्व-दीर्घ चुकलेले नाही, वाक्यच हिंदीच्या साच्यातून निघाले आहे. वाचकाची चूक एका पत्रापुरती राहते, आपली चूक सकाळी हजारो घरांत जाते आणि शाळेतली मुले ती बरोबर समजून उचलतात.

तेव्हा पत्रे येऊ द्यावीत, कशीही लिहिलेली, आणि रात्रपाळीला एक मुद्रितशोधक ठेवावा. संगणक आले तशी बहुतेक ठिकाणची ती जागा गेली. आमच्यातले दोघे-तिघे जळगावात अजून धडधाकट आहेत, आणि तसेही त्यांना रात्री झोप येत नाही.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
जळगाव