दगडांची ती ओळ

काका,

नातवाला सांगून ठेवलंय, तो तुम्हाला हे वाचून दाखवेल. समोर बसून बोलायचं दोनदा ठरवलं, पण दोन्ही वेळा घसा दाटून आला आणि मी हवापाण्याचं काहीतरी बोलून उठले.

ओढ्याकाठचा तो तुकडा आमच्याकडे आला तेव्हा डोक्याएवढी घाणेरी माजली होती आणि तिच्या बुडाशी फुटक्या बाटल्यांचा खच. आम्हाला तिथे घर बांधायचं नव्हतं, धंदाही करायचा नव्हता. तीन-चार तंबू मावतील एवढी सपाटी, शेकोटीपुरती जागा आणि खरा काळोख कसा असतो ते पोरांना बघता यावं, एवढंच मागणं होतं.

तुमच्याआधी आलेल्यांबद्दल मनात अजून राग आहे. पहिल्याने झुडपं पेटवून दिली. पाऊस पडला आणि घाणेरी बुडख्यांतून पुन्हा दाट फुटली. दुसऱ्याने जेसीबी फिरवून ‘साफसफाई’ केली, म्हणजे वरची सुपीक माती खरवडून ओढ्यात लोटली. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, त्याला ती घाण वाटली. मग उरलेल्या कामाची उचल घेऊन तो गेला तो गेलाच. फोनही उचलला नाही. त्या उघड्या मुरमाकडे पाहिलं की आजही पोटात तुटतं.

तुम्ही बांधापलीकडून दोन दिवस नुसतं बघत होतात. तिसऱ्या दिवशी कुदळ घेऊन आलात, घाणेरीचं मूळ जमिनीखाली कुठे तोडायचं ते दाखवलंत आणि उपटलेलं झुडूप मुळं वर करून ठेवलंत. वठलेल्या फांदीखाली पोरांना झोपवू देईनात. संडासाचा खड्डा ओढ्यापासून शंभर पावलं लांब हवा, यावर तर अडूनच बसलात. नंतर मी टेप लावला, 70 मीटर भरले. रानात मुक्काम करणाऱ्यांना निदान 60 मीटर सांगतात.

पण हे पत्र त्यासाठी नाही. ते पहिल्या पावसाच्या त्या संध्याकाळसाठी आहे.

आम्ही तिथे नव्हतो. दोन दिवसांनी आलो तर तंबूसाठी मी हेरलेल्या खोलगट सपाटीतून दगडांची एक वाकडीतिकडी ओळ गेलेली. मला वाटलं, कुणा पोरांचा खेळ असेल. तुमच्या नातवाने खरं सांगितलं. तो बॅटरी धरून उभा होता आणि तुम्ही, त्या दुखऱ्या गुडघ्यानिशी, भर पावसात वाहत्या पाण्याच्या कडेकडेने एकेक दगड मांडत होतात. मी विचारलं तेव्हा म्हणालात, “पाणी कुठून जातं ते पाणी असतानाच दिसतं. वाळलं की माणूस विसरतं.”

तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं, त्या जमिनीत तुमचं काही नव्हतं. एखाद्या पावसाळी रात्री आमची पोरं ओल्या अंथरुणात जागी होऊ नयेत म्हणून तुम्ही स्वतः भिजलात आणि घरी जाऊन गप्प बसलात. असं वागणारी माणसं किती असतात, काका? ज्यांना पैसे मोजले त्यांनी मातीकडे धड पाहिलंही नाही. तुम्ही न मागता आमच्या झोपेची काळजी वाहिलीत.

त्यातला एकही दगड आम्ही हलवलेला नाही. दोन्ही बाजूंनी आता गवत धरलंय. तंबूची जागा चढावर, हातभर उंच सरकवली. तिथे पाणी तर येत नाहीच, शिवाय रात्री खोलगटात साचणारा गारठाही पोचत नाही.

येत्या अमावास्येला आम्ही पहिल्यांदा मुक्कामाला येतोय. शेकोटीपाशी टेकायला पाठ असलेली एकच जागा आहे, ती तुमच्यासाठी ठेवलीय. नातवालाही आणा, आणि त्याची ती बॅटरी.

तुमची,
बांधाअलीकडची