बाबांच्या रिपोर्टातले चार आकडे

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रिपोर्टचा फोटो मिळाला. आई, एसजीपीटी ३४, म्हणजे नॉर्मल आलं म्हणून तू देवापुढे साखर ठेवलीस, पण त्या आकड्यावर विसंबू नकोस. लिव्हरच्या पेशींना इजा झाली की एसजीपीटी हे त्यांच्यातलं एन्झाइम रक्तात येतं. बाबांना आहे तो सिऱ्होसिस (लिव्हरवर वण पडून ते कडक होणं) फार पुढे गेल्यावर इजा व्हायला पेशीच कमी उरतात, म्हणून तो आकडा खाली येऊ शकतो. उरलेलं लिव्हर किती काम करतंय ते त्यावरून कळत नाही.

ते कळतं दुसऱ्या चार आकड्यांवरून: बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते पिवळं द्रव्य) २.८, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, त्याचा आकडा) १.६, क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) १.० आणि सोडियम (रक्तातल्या मिठाचा अंश) १३०. पहिल्या तिन्हींवरून 'मेल्ड' नावाचा स्कोअर काढतात. तो ६ ते ४०पर्यंत असतो आणि पुढच्या तीन महिन्यांत जिवाला धोका किती, याचा अंदाज देतो. अमेरिकेत २००२पासून दान मिळालेलं लिव्हर आधी कुणाला, हे त्यावरून ठरवायला लागले. २०१६मध्ये त्यात सोडियमही धरलं. बाबांचा मेल्ड १६ येतो, सोडियम धरलं की २२. साधारण १५च्या पुढे प्रत्यारोपणाचा विषय डॉक्टरांशी काढायचा असतो. उद्याच ऑपरेशन असा त्याचा अर्थ नाही. पण तपासण्यांना आणि नोंदणीला वेळ लागतो, आणि ते सगळं बाबा हिंडते-फिरते असतानाच व्हायला हवं. आपल्या मराठवाड्याचं अवयव प्रत्यारोपणाचं समन्वय केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे, पण नोंदणी मान्यताप्राप्त हॉस्पिटलमार्फतच होते.

मला सगळ्यात जास्त काळजी क्रिएटिनिनची आहे. बाकी सगळं तेच राहून ते १.०चं १.६ झालं, तर मेल्ड १६वरून थेट २०. शिवाय ते स्नायूंतून तयार होतं. बाबांचे दंड-मांड्या वाळल्यात, त्यामुळे किडनी थकलेली असूनही आकडा चांगला दिसू शकतो. शंका आली तर डॉक्टरांना सिस्टॅटिन सी ही किडनीची दुसरी रक्ततपासणी करायची का, असं विचारा. त्यावर स्नायूंचा परिणाम कमी होतो. क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ने वाढलं तरी तो किडनीला धक्का समजायचा आणि डॉक्टरांना गाठायला थांबायचं नाही. वाढतं कशानं? लघवीच्या गोळ्या जास्त झाल्या, उलट्या झाल्या, लॅक्टुलोजने (शौचाला साफ होण्याच्या औषधाने) पाच-सहा जुलाब झाले. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात तर दोन दिवस पुरतात. लॅक्टुलोज दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील एवढंच. आणि गुडघा दुखला म्हणून डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन अजिबात नको, कुणी कितीही आग्रह केला तरी.

सोडियम १३० वाचून शेजारच्या काकूंनी मीठ वाढवायला सांगितलं असेल. ते करू नकोस. शरीरात मीठ कमी नाही, पाणी जास्त साठलंय, त्यात ते पातळ झालंय. मीठ वाढवलं की पोटातलं पाणी वाढेल. दिवसभरात सगळं मिळून एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. भाकरीच्या पिठात घालू नकोस. पापड, लोणचं, खारे शेंगदाणे बंद. वरण, दूध, अंडी मात्र कमी करायची नाहीत. रात्री झोपताना दूध-भाकरी किंवा लाडू असं काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर रात्रभराच्या उपाशीपणात शरीर स्नायू खातं.

रक्त देताना निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरली का, ते आई तू स्वतः बघ. त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग औषध असतं. रक्त कमी पडलं तर आयएनआर खोटंच वाढलेलं येतं आणि मेल्डही वाढलेला दिसतो. चारही तपासण्या एकाच दिवशी, एकाच लॅबमधून करा. अँटिबायोटिक चालू असताना किंवा जेवण तुटलेलं असताना आयएनआर वाढलं, तर व्हिटॅमिन के कमी पडलंय का, हे डॉक्टरांना विचारा. व्हिटॅमिन केच्या इंजेक्शननंतर उतरलं तर दोष लिव्हरचा एकट्याचा नव्हता.

एक गोष्ट मेल्डला दिसत नाही: पोटातल्या पाण्यात झालेला संसर्ग. ताप, पोटदुखी, किंवा बाबा वार विसरले, बोलण्यात घोटाळा झाला, हात पसरले की थरथरू लागले, तर स्कोअर किती आहे ते न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सुईने पाणी काढून तपासतात. त्यात न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी घनमिलिमीटरला २५०च्या वर निघाल्या तर लगेच उपचार सुरू करतात.

बाबा, वहीत तारीख, चार आकडे आणि सकाळचं वजन लिहीत जा. वजन रोज, लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी. पुढच्या तपासणीचा कागद आला की आधीच्या पानासकट फोटो पाठवा.

तुमची,
सुनी