परदेशी कृतींना ‘अंदाजे’ चालत नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवण्यांत हल्ली अळूवडी-थालीपिठाच्या शेजारी पिझ्झा, फ्राइड राइस, चीजकेक अशा कृती छापून येतात. येऊ द्यात. घरोघरी ओटीजी (विजेवरचे छोटे ओव्हन) आलेत, मोझरेला चीज कोपऱ्यावरच्या डेअरीत मिळतं. तक्रार आहे ती मापांची. ‘दोन वाट्या मैदा, थोडं यीस्ट, लागेल तसं पाणी, गरम ओव्हनमध्ये भाजा.’ अळूवडीला ‘लागेल तसं बेसन’ लिहिलं तर बिघडत नाही, कारण पानावर लेप किती जाड बसायला हवा हे हाताला ठाऊक असतं. पिझ्झाचं पीठ किती चिकट असावं हे हाताला ठाऊक नसतं. ते चिकटायला लागलं की आपण सवयीने आणखी मैदा भुरभुरवतो, पोळीच्या कणकेइतकं घट्ट मळतो, आणि घोळ तिथेच होतो.

बरं, मापं दिली तरी ती कुठली, हा प्रश्न उरतोच. अमेरिकी कप २४० मिलिलिटरचा. त्यात मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम बसतो, दाबून भरला तर १५०. आपली वाटी घरागणिक वेगळी. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात मात्र २०चा. ‘४५० अंशांवर भाजा’ असं छापलेलं असतं तेव्हा ते फॅरनहाइट असतात, म्हणजे आपले साधारण २३० अंश सेल्सिअस. पण तसं लिहायचं राहून जातं. शेदोनशे ग्रॅमचे पदार्थ मोजायला काही शे रुपयांचा डिजिटल काटा पुरतो. छापणाऱ्यांनी ग्रॅम दिले तर करणारे मोजतील.

उदाहरणादाखल पिझ्झाच घेऊ, कारण सगळ्यात जास्त तोच फसतो. इटलीतल्या नेपल्सच्या पिझ्झावाल्यांची कला २०१७ साली युनेस्कोच्या यादीत गेली. तिथल्या पिठात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट, बस्स. पण तो पिझ्झा ४३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या लाकडाच्या भट्टीत साठ ते नव्वद सेकंदांत भाजून बाहेर येतो. आपला ओटीजी २३० किंवा २५० अंशांवर थांबतो. तेच चार घटकांचं पीठ तिथे घातलं तर वरून रंग यायला बारा-पंधरा मिनिटं लागतात आणि तोवर आतलं पाणी उडून त्याची खारी होते. म्हणून घरच्या पिठात थोडी साखर (रंग लवकर येतो) आणि थोडं तेल (मऊपणा टिकतो) घालावं लागतं. नेपल्सचे लोक नाक मुरडतील, मुरडू द्यात.

दहा इंची दोन पिझ्झांसाठी माप असं: मैदा २५० ग्रॅम, पाणी १६० ग्रॅम, मीठ ५, साखर ५, तेल ८ आणि इन्स्टंट यीस्ट १ ग्रॅम, म्हणजे पाव चमच्याहून किंचित जास्त. आपल्या बाजारातल्या मैद्यात प्रथिनं साधारण दहा टक्के असतात. पिझ्झासाठी बारा-साडेबारा बरी. ग्लुटेन पावडर (गव्हातल्या चिवट प्रथिनाची) मिळाली तर ५ ग्रॅम घालावी, नाही मिळाली तर वेळ द्यावा. सगळं नुसतं कालवून वीस मिनिटं झाकून ठेवा, मग पाच-सहा मिनिटं मळा. आधी हाताला चिकटणारं पीठ या विश्रांतीनंतर आपोआप सुटं होतं, वर मैदा लागत नाही. दोन गोळे करून तेल लावलेल्या डब्यात फ्रिजमध्ये चोवीस ते अठ्ठेचाळीस तास. कणकेने करायचा असेल तर निम्मीच कणीक, निम्मा मैदा घ्या आणि पाणी १५-२० ग्रॅम वाढवा. चक्कीची कणीक पाणी जास्त पिते आणि तिच्यातला कोंडा ग्लुटेनचे धागे तोडतो.

यीस्ट इतकं कमी का, असं विचारलं जाईल. परदेशी कृतींतलं ‘रूम टेम्परेचर’ वीस-बावीस अंशांचं असतं. नागपूरच्या एप्रिलात ओट्यावर पस्तीस अंश असतात. तिथे दोन चमचे यीस्ट घालून दोन तास ठेवलेलं पीठ कधीच फुगून खाली बसलेलं असतं. आंबूस दारूसारखा वास आणि ताणताच भोकं पडणं ही त्याची खूण. उन्हाळ्यात फ्रिजचं गार पाणी वापरावं. भाजण्याआधी गोळा बाहेर काढायचा तो मुंबईच्या मे महिन्यात अर्धा तास पुरे, नाशिकच्या थंडीत दोन तास.

लाटणं वापरू नये. दोन दिवसांत जमलेली हवा ते एका फेऱ्यात बाहेर घालवतं. बोटांनी मधून कडेकडे दाबत जावं, कड सोडावी. पीठ मागे आक्रसत असेल तर ओढाताण न करता पंधरा मिनिटं झाकून ठेवावं. ते अजून गार आहे किंवा ताणलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

भाजण्यासाठी पिझ्झा स्टोन विकत घ्यायची गरज नाही. जाड लोखंडी तवा (प्लास्टिकची मूठ नसलेला) ओटीजीत उलटा ठेवून, दोन्ही रॉड लावून २५० अंशांवर पाऊण तास तापू द्यावा. तापल्याचा दिवा विझतो तेव्हा फक्त हवा तापलेली असते, तवा नाही. पाटावर बारीक रवा पसरून त्यावर पिझ्झा सजवावा, म्हणजे एका हिसक्यात तव्यावर सरकतो. सात ते नऊ मिनिटं. याहून चांगली रीत भाकरीची आहे: गॅसवर कडक तापलेल्या लोखंडी तव्यावर पीठ टाकून दोन-तीन मिनिटांत खालचा भाग भाजून घ्यायचा, तेवढ्यात वर सॉस-चीज पसरायचं आणि तवा तसाच उचलून तापलेल्या वरच्या रॉडखाली तीन-चार मिनिटं सरकवायचा. नॉनस्टिक तवा यासाठी अजिबात नको. इतक्या तापमानाला त्याचा थर टिकत नाही. ओटीजी नसेल तर एक बाजू भाजून उलटावं, भाजलेल्या बाजूवर सामान घालून मंद आचेवर झाकण ठेवावं आणि मध्ये एकदा झाकणाचं पाणी पुसावं. चीज वितळेल, डाग मात्र पडणार नाहीत.

मध्यभागी चिखल होतो तो वरच्या पाण्याने. आपल्या टोमॅटोत पाणी फार. अर्धा किलो टोमॅटो उकळत्या पाण्यात बुडवून सोलावेत, बिया काढून कुस्करून चाळणीत निथळावेत, मग मिठासोबत दहा-बारा मिनिटं आटवावेत. एका पिझ्झाला ७० ग्रॅम पुरे. चीज ८० ते १०० ग्रॅम, कमी पाण्याचं मोझरेला, घरी किसलेलं. तयार किसात तुकडे चिकटू नयेत म्हणून स्टार्च लावलेला असतो. प्रोसेस्ड चीज वितळतं पण ताणत नाही, तो त्याचा स्वभाव. मश्रूम आधी कोरड्या तव्यावर परतून पाणी काढावं, भोपळी मिरची कागदासारखी पातळ. बेसिलऐवजी तुळस घाला, असं सर्रास छापतात. तुळशीचा लवंगेसारखा उग्रपणा चीजवर मात करतो. फालुद्यातला सब्जा कुंडीत पेरला तर बेसिलच्याच जातीची पानं मिळतात.

फ्राइड राइसचं दुखणंही कमी पडणाऱ्या उष्णतेचंच. हॉटेलच्या भट्टीच्या मानाने घरचा बर्नर फार मंद, त्यात चौघांचा भात एकदम कढईत ओतला की तो परतला न जाता वाफवतो. एका वेळी २०० ग्रॅम शिजलेला भात, त्याहून जास्त नाही. कोलम चालतो, इंद्रायणी नाही. शिजल्यावर परातीत पसरून वाफ घालवावी आणि लगेच फ्रिजमध्ये टाकावा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जिवाणूंचं विष तयार होऊ शकतं आणि ते परतूनही जात नाही. सोया सॉस दोन छोटे चमचे, भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेने.

चीजकेकवाल्यांनी क्रीमचे टक्के लिहावेत एवढंच. खोक्यातली साधी फ्रेश क्रीम २५ टक्के स्निग्धांशाची असते. ती तासभर फेटली तरी उभी राहत नाही, त्याला तीस-पस्तीसच्या वरची लागते.

तेव्हा विनंती अशी, की इतर देशांच्या कृती छापताना ग्रॅम, भांड्याचा आकार, अंश सेल्सिअस आणि प्रत्येक टप्प्यावर पदार्थ कसा दिसायला हवा एवढं द्यावं. त्यासाठी जागा हवी असेल तर शेजारचं छायाचित्र लहान करा. किंवा त्याच कृतीने केलेल्या पदार्थाचं छापा. ओटीजीच्या कृतीशेजारी कडेवर काळे फोड आलेला भट्टीतला पिझ्झा दाखवला, की वाचक तो रंग आणायला २५० अंशांवर वीस मिनिटं भाजत बसतो.

— एक वाचक, ठाणे